पडदा आपला, पण माईक कोणाच्या हातात? चित्रपट महोत्सवांचा इतिहास आणि पिंपरी-चाकणची पोरं

काही वर्षांपूर्वी पिंपरीतल्या एका विहाराच्या हॉलमध्ये आम्ही कार्यकर्त्यांनी लघुपटांचा एक छोटा महोत्सव भरवला होता. सहा लघुपट, भाड्याचा प्रोजेक्टर, उजेड अडवायला खिडक्यांवर टांगलेल्या सतरंज्या. पडद्यापेक्षा मोठा होता तो बाहेरचा फ्लेक्स. त्यावर खर्च उचलणाऱ्या स्थानिक पुढाऱ्याचा फोटो होता. दिग्दर्शकांची नावं खालच्या पट्टीत, चष्मा लावला तरी वाचता येणार नाहीत इतकी बारीक. कार्यक्रम अकराचा. पाहुणे सव्वाबाराला आले. मग स्वागत, सत्कार, भाषण, सत्काराला उत्तर. आमचा एक दिग्दर्शक चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा, सेकंड शिफ्टला जाणारा पोरगा होता. मोबाईलवर त्याने चौदा मिनिटांचा लघुपट केला होता. तो सुरू झाला एक वाजून गेल्यावर. संपल्यावर त्याला उभं केलं, टाळ्या झाल्या, बसवलं. दोन बायकांनी प्रश्न विचारायला हात वर केले होते. सूत्रसंचालकाने "वेळेअभावी" म्हणत पुढचं नाव पुकारलं, आणि हा कंपनीची बस पकडायला धावत गेला.

त्या पुढाऱ्यावर मला राग काढायचा नाही. आम्हीच त्याला बोलावलं होतं. राग आहे तो आमच्या अज्ञानावर. महोत्सव म्हणजे काय, तो कोणी सुरू केला, त्याच्या मध्यभागी कोण असतं, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. प्रस्थापितांच्या कार्यक्रमाचा साचा उचलला, वर निळा रंग दिला आणि मोकळे झालो. म्हणून हा इतिहास तपासायचा.

चित्रपट महोत्सव ही मुळात सरकारांनी काढलेली गोष्ट आहे. पहिला मोठा महोत्सव व्हेनिसचा, १९३२ साली, मुसोलिनीच्या इटलीत. १९३७ मध्ये तिथे प्रभातच्या 'संत तुकाराम'ची जगातल्या उत्तम चित्रपटांत गणना झाली, याचं कौतुक मराठी माणसाला शाळेपासून ऐकवलं जातं. ते कौतुक रास्तच आहे. दामले-फत्तेलाल यांचा तो चित्रपट आजही ताजा वाटतो. पण तो सन्मान फॅसिस्ट राजवटीच्या मांडवात झाला, हे सांगायचं राहून जातं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, व्हेनिसचा सर्वोच्च मान हिटलरच्या ऑलिंपिकवर लेनी रीफेनश्टालने केलेल्या 'ऑलिंपिया'ला मिळाला. त्या पक्षपातावर चिडून फ्रान्सने आपला वेगळा महोत्सव काढायचं ठरवलं, तो कान. १ सप्टेंबर १९३९ ला तो सुरू व्हायचा होता. त्याच दिवशी हिटलर पोलंडमध्ये घुसला आणि कान १९४६ पर्यंत लांबलं. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत झाला, तोही सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने भरवलेला. म्हणजे महोत्सवाचा जन्मच मुळी राष्ट्राची छाती फुगवण्यासाठी झाला. चित्रपट करणारा तिथे पाहुणा असतो. निवडणारे दुसरे, पदक देणारे दुसरे, माईकही दुसऱ्याचा.

हे चित्र पालटलं ते बंडातून. मे १९६८ मध्ये फ्रान्सभर विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर होते. कारखाने बंद होते. गोदार, त्रुफो आणि त्यांच्या सोबत्यांनी 'अशा वेळी आम्ही लाल गालिच्यावर मिरवणार नाही' अशी भूमिका घेऊन कानचा महोत्सव अर्ध्यातच बंद पाडला. पडदा उघडू नये म्हणून ते पडद्याला लोंबकळले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. गोष्टीपेक्षा महत्त्वाचं ते त्यानंतर घडलं. दिग्दर्शकांनी स्वतःची संघटना काढली आणि १९६९ पासून कानमध्येच, सरकारी महोत्सवाला समांतर, दिग्दर्शकांचा पंधरवडा सुरू केला. त्यात बक्षिसांची स्पर्धा ठेवली नाही. चित्रपट निवडण्याचा अधिकार चित्रपट करणाऱ्यांकडे आला. "दिग्दर्शक-केंद्री महोत्सव" हा शब्द आज कोणीही वापरतो. त्याच्या मुळाशी एक बंद पाडलेला महोत्सव आहे.

आता मुंबईत या. हा प्रसंग आपल्या पोरांना पाठ असायला हवा, कारण तो आपल्या राज्यातला आहे आणि फार जुना नाही.

फिल्म्स डिव्हिजन दर दोन वर्षांनी माहितीपटांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवत असे. २००४ च्या महोत्सवासाठी सरकारने नवी अट आणली: भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. परदेशी चित्रपटांना लागणार नाही. अट कशासाठी, हे सांगायला ज्योतिषी नको होता. २००२ च्या गुजरातनंतर कॅमेरे घेऊन फिरलेल्या लोकांचे चित्रपट त्या वर्षी येणार होते. देशभरातले माहितीपटकार एकवटले, बहिष्काराचा इशारा दिला, आणि सरकारने अट मागे घेतली. जिंकलो असं वाटलं. मग निवड समितीची यादी आली. राकेश शर्मा यांच्या गुजरातवरच्या 'फायनल सोल्यूशन'सह सरकारला अडचणीचे अनेक चित्रपट त्यात नव्हते. सेन्सॉरने दारातून केलं नसतं ते निवड समितीने खिडकीतून केलं. भावांनो, ही युक्ती ओळखीची वाटते ना? जाहिरातीत आरक्षण असतं, आणि मुलाखतीनंतर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा असतो.

यावर दिग्दर्शकांनी निषेधाचं पत्रक काढून समाधान मानलं नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये, सरकारी महोत्सव प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात चालू असताना, त्यांनी रस्त्यापलीकडे भूपेश गुप्ता भवनात, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सभागृहात, स्वतःचा महोत्सव मांडला. नाव 'विकल्प'. नाकारलेले चित्रपट तिथे लागले, आणि सरकारी महोत्सवात निवडल्या गेलेल्या काही दिग्दर्शकांनीही आपले चित्रपट तिथून काढून इकडे आणले. प्रवेश मोफत. प्रत्येक चित्रपटानंतर दिग्दर्शक समोर उभा. लाल गालिचा नाही, पण खुर्च्या कमी पडल्या. पुढे 'फायनल सोल्यूशन'वर सेन्सॉरने बंदी घातली, तेव्हा शर्मांनी आणखी एक शक्कल काढली. ज्याला चित्रपटाची सीडी हवी त्याला ती द्यायची, अट एकच: त्याने पाच प्रती करून पाच जणांना वाटायच्या. त्याच वर्षी बंदी उठली.

सेन्सॉरला नेमकं काय खुपतं, याचा एक नमुना आपल्याशी थेट संबंधित आहे. आनंद पटवर्धन यांच्या अणुबॉम्बविरोधी 'वॉर अँड पीस'ला २००२ मध्ये सेन्सॉर मंडळाने २१ काटछाटी सांगितल्या. त्यातली एक होती ती दलित नेत्याचा संपूर्ण प्रसंग, त्यातल्या बुद्धाच्या उल्लेखांसकट, काढून टाकण्याची. बुद्धपौर्णिमेला बॉम्बची चाचणी केलेली चालते, त्यावर एका दलित माणसाने पडद्यावर बोललेलं चालत नाही! पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये एकही काटछाट न करता चित्रपट सोडवून आणला.

'विकल्प'बद्दल मला आदर आहे. तरी एक प्रश्न सोडवत नाही. तिथे जातीवरचे चित्रपट होते. पण जातीचा चटका सोसलेल्या घरातून आलेले, कॅमेऱ्यामागे उभे असलेले लोक किती होते? 'दिग्दर्शक-केंद्री' म्हटलं की लगेच विचारलं पाहिजे, कुठला दिग्दर्शक? लॉ कॉलेज रोडची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे. पिंपरी कॅम्पपासून तिथे बसने तासाभरात पोहोचता येतं. आपल्या वस्तीतल्या पोरांना ते अंतर कापायला किती पिढ्या लागल्या?

हाच प्रश्न 'जय भीम कॉम्रेड'लाही लावता येतो आणि आपल्याकडे अनेकांनी लावला आहे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. तिथपासून चौदा वर्षं पटवर्धन चित्रीकरण करत राहिले. कॅमेरा आपला नव्हता, हे खरं. 'कॉम्रेड' या शब्दावर वाद घालणाऱ्यांची बाजूही मला समजते. पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. चित्रपट झाल्यावर जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी तो आधी भायखळ्याच्या बीआयटी चाळीत लावला, मग वस्त्यावस्त्यांतून फिरवला. तीन तासांहून लांब माहितीपट लोकांनी थंडीत जमिनीवर बसून पाहिला. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांच्यासमोर उभं राहायची तयारी, ही दिग्दर्शकाची पहिली परीक्षा. आपल्यातले किती जण ती द्यायला तयार आहेत, हाही प्रश्न आहेच.

तसं पाहिलं तर हा साचा आपल्याला फ्रान्सकडून घ्यायची गरज नव्हती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरत होता. गण-गवळण बाजूला सारून त्यांनी मंचावर शिक्षण, पाणी, मंदिर, सावकार हे विषय आणले. रचणारा, गाणारा आणि समोर बसलेला, तिघेही एकाच वाड्यातले. प्रयोग संपला की तिथेच वाद व्हायचे. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला कोणी मंत्री-संत्री नव्हता, अण्णा भाऊ साठे होते. लिहिणाऱ्यांच्या संमेलनाचं उद्घाटन लिहिणाऱ्याने केलं. आपण मात्र ही रीत विसरलो आणि फ्लेक्सवाल्यांची उचलली.

पैशांचं काय, हा प्रश्न कोणीतरी लगेच विचारेल. बरोबर आहे. इथे दोन टोकं दिसतात. केरळात जॉन अब्राहम आणि त्याच्या सोबत्यांच्या ओडेसा गटाने गावोगाव चित्रपट दाखवत लोकांकडून वर्गणी जमवली आणि त्यातून १९८६ चा 'अम्मा अरियन' केला. गोरखपूरला २००६ मध्ये २३ मार्चला, भगतसिंगांच्या शहीददिनी, 'प्रतिरोध का सिनेमा' सुरू झाला. कंपनीचं प्रायोजकत्व नाही, सरकारी अनुदान नाही, आलेल्या माणसांनी दिलेल्या पैशांवर महोत्सव. तो पुढे उत्तर भारतातल्या कितीतरी लहान शहरांत गेला. हा मार्ग स्वच्छ आहे, पण कार्यकर्ते त्यात पिळून निघतात, आणि दिग्दर्शकाला मानधन द्यायचं राहून जातं. 'चळवळीसाठी फुकट कर' हे वाक्य आपल्या कलावंतांनी आयुष्यभर ऐकलंय. घोगरेंसारखा माणूस गरिबीतच गेला.

दुसरं टोक म्हणजे कोणाचाही पैसा घ्यायचाच नाही, ही सोवळ्याची भूमिका. तीही मला पटत नाही. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेबांनी ते घेतले. पण महाराजांचा फोटो छापून अंक भरला नाही, आणि लेखणी कोणाच्या हातात दिली नाही. त्याच 'मूकनायक'ची पैसे देऊन केलेली जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती. दुसऱ्याच्या छापखान्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपला कागद हवा, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. महोत्सवही तसाच आहे. पैसा कोणाचा, यापेक्षा पैसा देणाऱ्याला बदल्यात काय मिळतं, हे आधी विचारायला हवं. खुर्ची मिळेल. माईक नाही. पडदा तर नाहीच.

आता आपला पट्टा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज आले. ७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर, नगरकडची माणसं इथे आली आणि पत्र्याच्या खोल्यांतून संसार थाटले. नंतर चाकण, म्हाळुंगे, तळेगावपर्यंत गाड्यांचे कारखाने पसरले. पण कायम नोकरी जाऊन कंत्राट आलं. आणि हा पट्टा नुसता कारखान्यांचा नाही. २५ डिसेंबर १९५४ ला, दीक्षेच्या दोन वर्षं आधी, बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. दीक्षाभूमीच्या आधीची ही धम्मभूमी लष्करी डेपोंच्या, कामगारांच्या गावात आहे. चाकणवरून शिक्रापूरचा रस्ता धरला की पुढे भीमा कोरेगाव.

एवढा इतिहास असलेल्या भूमीचे किती चित्रपट आपल्याकडे आहेत? तुकोबांचं देहू १९३७ मध्ये व्हेनिसला पोहोचलं. देहूपासून काही किलोमीटरवरच्या तळवड्याला ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अनेक कष्टकरी बायका जळून गेल्या. वाहिन्यांचे कॅमेरे दोन दिवस होते. तिसऱ्या दिवसापासून त्या घरांत काय चाललं आहे, हे कोण टिपणार? वाहिन्या पुन्हा येणार नाहीत. पुण्याच्या मोठ्या महोत्सवात जागतिक सिनेमा पाहायला जाणारा वर्ग येणार नाही. त्याच गल्लीत राहणारी, हातात मोबाईल असलेली पोरगीच ते करू शकते. पण तिने केलं तर ते लागणार कुठे? यूट्यूबवर टाकता येतं, ठीक आहे. यूट्यूबवर मात्र शेजारीण उठून तुम्हाला विचारत नाही की माझ्या जावेला तू असं का दाखवलंस.

हे होऊ शकतं याचे पुरावे आपल्यातच आहेत. नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' केला तो नगरला शिकताना. नंतर 'फॅन्ड्री' आला. डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवरची महापुरुषांची चित्रं दिसतात, ते दृश्य त्या वाटेने चाललेल्या माणसालाच सुचतं. सोमनाथ वाघमारेंनी लोकवर्गणीच्या आधारावर २०१७ मध्ये भीमा कोरेगाववर माहितीपट केला. १ जानेवारी २०१८ नंतर वाहिन्यांना कोरेगाव सापडलं, त्याच्या आधी. त्यांचा 'चैत्यभूमी' नंतर पा. रंजित यांच्या नीलम संस्थेच्या पाठिंब्याने परदेशातल्या विद्यापीठांत गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब जिथे शिकले तिथे, दलित चित्रपट महोत्सव झाला. रंजित आणि मंजुळे दोघेही होते. चेन्नईत नीलमवाल्यांचा महोत्सव पी. के. रोझी यांच्या नावाने भरतो. मलयाळममधल्या पहिल्या मूकपटाची नायिका रोझी दलित होत्या. दलित बाईने पडद्यावर नायर स्त्री रंगवली म्हणून जातदांडग्यांनी त्यांना पळवून लावलं, घर जाळलं. तो चित्रपटही आज उरलेला नाही. ज्या बाईला थिएटरमधून हाकललं, तिच्या नावाचं थिएटर लोकांनी उभं केलं.

कोलंबियात होतं, चेन्नईत होतं. पिंपरीत का होत नाही? माझ्या मते अडचण पैशाची कमी आणि सवयीची जास्त आहे. आपण प्रेक्षकाचा विचार न करता तारीख ठरवतो. रविवार! या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इथे वाढलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी महोत्सव रविवारी, कारण पाहुण्यांना रविवार सोयीचा. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन ते पाच मोकळ्या असतात, आपला कार्यक्रम संध्याकाळी सात वाजता.

परवानगीचंही आधी समजून घ्या. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवाला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागता येते, पण त्यासाठी चित्रपटांची यादी, त्यांचा गोषवारा, पाहणी समितीचं पत्र, आणि प्रदर्शन नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरतंच राहील ही हमी द्यावी लागते. शेवटच्या आठवड्यात हे होत नाही. कोणाच्या तक्रारीवरून पोलीस दारात आले की कागद दाखवता आला पाहिजे. दिग्दर्शकाची लेखी परवानगीही हवी. मित्राचा आहे म्हणून पेनड्राइव्हवरून लावला, हे आता बंद करा. ज्याचा चित्रपट त्याला मानधन, मग ते पाचशे रुपये का असेना, आणि ते पाकीट सत्काराच्या हारांच्या आधी.

आम्ही पुन्हा जुळवाजुळव करतोय. सहा नाही, चारच लघुपट. प्रत्येकाच्या पुढे अर्धा तास रिकामा, तो फक्त दिग्दर्शक आणि समोर बसलेल्यांसाठी. मंचावर खुर्च्या नाहीत. भाषण नाही. वर्गणीचा डबा दारात, हिशेब दुसऱ्या दिवशी विहाराच्या फळ्यावर. २५ डिसेंबरला देहूरोडला माणसं येतातच, त्याच्या आधीचा गुरुवार धरला आहे. त्या चाकणच्या पोराला फोन केला, तर तो म्हणाला, "दादा, येतो, पण माझी फिल्म सकाळी पहिली लावा. आणि मागच्या वेळच्या त्या दोन ताई येतील का, त्यांना काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं." त्या दोघींचा पत्ता आम्ही शोधतोय. एक बहुतेक लिंक रोडच्या बाजूला राहते.